पंगत आणि पारितोषिक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाई मला भाषणासाठी सांगायला आल्या, तेव्हा मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती ही, की माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. त्या म्हणाल्या, "सातवी पुष्कळ झाली. दरवर्षी आपण लोणची, मसाले आणि आजीबाईचा बटवा यांवर बोलतो. या खेपेला काही निराळे सांगा." आता निराळे ते काय सांगावे? मला बोलपटांची आवड लहानपणापासून आहे. माझी मुलगी कॉलेजात जाते. अमेरिकेतल्या ऑस्कर पारितोषिकांची बातमी आली, की दरवर्षी तिच्या मैत्रिणींत वाद जुंपतो, की ही बक्षिसे बहुतेक गोऱ्यांनाच का मिळतात? मी भाजी निवडीत ऐकत असते आणि मधूनमधून प्रश्न विचारते. तिनेही कंटाळा न करता मला पुष्कळ वाचून दाखविले. त्यातले जे मला समजले आणि पटले, ते आज आपल्यापुढे ठेवते.

ऑस्कर म्हणजे अमेरिकेतल्या चित्रपट अकादमीने द्यावयाचे पारितोषिक. पहिला समारंभ 1929 साली झाला. आपण ज्याला हॉलिवूड म्हणतो, तिथल्या नटनट्यांना, दिग्दर्शकांना, कपडेपट आणि संगीत सांभाळणाऱ्यांना हे मिळते. निवड करणारे लोक सरकारी नव्हेत, की प्रेक्षकही नव्हेत. त्याच धंद्यातली जी माणसे अकादमीची सभासद आहेत, ती मते देतात. ही गोष्ट जरा ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद तिच्यापाशी येऊन थांबतो.

प्रथम तुम्हाला हॅटी मॅकडॅनियल या बाईची हकीकत सांगते. तिचे आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. तिने गाणी गायिली, फिरत्या नाटकमंडळ्यांतून कामे केली, आणि जेव्हा काम मिळेना तेव्हा दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी केली. पुढे ती बोलपटांत शिरली. तिथे तिला भूमिका कसल्या मिळाल्या? बहुतेक मोलकरणीच्याच. 1939 साली 'गॉन विथ द विंड' नावाचा मोठा रंगीत बोलपट निघाला. त्यात हॅटीने एका धनिक गोऱ्या कुटुंबातल्या दाईचे काम केले. त्या दाईला कथेत स्वतःचे नावसुद्धा नाही. सगळे तिला 'मॅमी' म्हणतात, एवढेच. पण काम असे उठावदार झाले, की सहाय्यक अभिनेत्रीच्या बक्षिसासाठी तिची निवड झाली. त्याच बोलपटातली एक गोरी नटी, ऑलिव्हिया डी हॅविलंड, हीसुद्धा त्याच बक्षिसाच्या स्पर्धेत होती.

बोलपटाचा पहिला मोठा खेळ डिसेंबर 1939 मध्ये अटलांटा शहरी झाला. तिथल्या कायद्याने गोरे आणि काळे एकत्र बसू शकत नव्हते. म्हणून आपल्याच बोलपटाच्या पहिल्या खेळाला हॅटीला जाता आले नाही. मग 29 फेब्रुवारी 1940 या दिवशी लॉस एंजलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात बक्षीससमारंभ झाला. त्या हॉटेलात काळ्या माणसांना येऊ देत नसत. निर्मात्याने खास शब्द टाकला, तेव्हा तिला आत घेतले. पण बोलपटातले बाकीचे कलावंत एका टेबलाशी बसले होते, आणि हॅटीला बाजूला एका लहानशा टेबलाशी जागा दिली. त्या टेबलावरून उठून ती गेली आणि बक्षीस घेऊन आली. ऑस्कर मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती.

भगिनींनो, वेगळे टेबल म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगावयास नको. आपल्याकडे त्याला वेगळी पंगत म्हणतात. जेवण तेच, पक्वान्न तेच, पण पान बाजूला मांडलेले. ज्याचे पान बाजूला मांडतात, त्याला जिलबी कितीही वाढली तरी तो जेवून उठतो तेव्हा त्याच्या मनात काय असते, हे आपल्या आजीपणजींच्या पिढीने पाहिले आहे आणि पुष्कळांनी सोसलेही आहे.

हॅटी 1952 साली वारली. हॉलिवूडच्या कब्रस्तानात आपल्याला पुरावे अशी तिची इच्छा होती. पण तिथेही काळ्यांना जागा नव्हती, म्हणून दुसरीकडे पुरले. पुढे 1999 साली त्या कब्रस्तानात तिच्या नावाची शिळा बसविली. आपले बक्षीस तिने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला दिले होते. ते मध्यंतरी कुठे गहाळ झाले, कुणाला कळले नाही. अखेर 2023 साली अकादमीने त्याच्या जागी दुसरे दिले.

आणखी एक गोष्ट. हॅटीला गोऱ्यांनी बाजूला बसविले, तसे तिच्याच समाजातल्या काही पुढाऱ्यांनीही बोल लावले. त्यांचे म्हणणे असे, की ही बाई पडद्यावर हसतमुख मोलकरणी रंगविते, त्यामुळे काळी बाई म्हणजे गोऱ्यांच्या सेवेत समाधान मानणारी, असा लोकांचा समज पक्का होतो. त्यावर हॅटी उत्तर देई असे सांगतात, की खरी मोलकरीण होऊन मिळते त्याच्या शंभरपट पैसा मोलकरणीचे सोंग करून मिळतो, तर मी सोंग का करू नये? मला यात दोन्ही बाजूंचे खरे वाटते. पुढाऱ्यांना चित्र बदलावयाचे होते, आणि हॅटीला पोट भरावयाचे होते. दोष द्यावयाचा तर त्या बाईला एकच दार उघडे ठेवणाऱ्यांना द्यावा.

आता दुसरी एक बाई. हिचे नाव अ‍ॅना मे वाँग. जन्म 1905 चा, लॉस एंजलिसचाच. घराणे चिनी, वडिलांचा कपडे धुण्याचा धंदा. मूकपटांच्या काळापासून ती नावाजलेली नटी होती. चीनमधल्या शेतकरी कुटुंबावर 'द गुड अर्थ' नावाचा बोलपट निघणार असे ठरले, तेव्हा त्यातली शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका आपल्याला मिळावी, अशी तिची फार इच्छा होती. पण नायकाचे काम गोऱ्या नटाकडे गेले होते. गोरा पुरुष आणि बिगरगोरी बाई यांचा संसार पडद्यावर दाखवायला त्या काळचे निर्माते धजत नसत. नवरा गोरा, म्हणून बायकोही गोरीच हवी! मग लुइझा रायनर या गोऱ्या नटीला रंगरंगोटी करून चिनी बनविले, आणि 1938 साली तिला त्याच भूमिकेबद्दल ऑस्कर मिळाले. अ‍ॅनाला त्याच बोलपटातली रखेलीची, घर बिघडविणाऱ्या बाईची भूमिका देऊ केली होती. ती तिने नाकारली. पुढे 2022 साली अमेरिकन सरकारने तिचा चेहरा आपल्या पाव डॉलरच्या नाण्यावर घातला. पण त्या वेळी तिला मरून साठ वर्षे होऊन गेली होती.

माझ्या शेजारच्या वहिनींना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी मोठा मार्मिक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "आपले बालगंधर्व पुरुष असून स्त्रीभूमिका करीत. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटात 1913 साली तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले. मग गोऱ्या बाईने चिनी बाई रंगविली, यात काय बिघडले? नट म्हणजे सोंग आणणारच."

प्रश्न अगदी बरोबर आहे. सोंग आणण्याबद्दल तक्रार नाहीच. परंतु फाळक्यांना स्त्री नटी मिळेना, म्हणून पुरुषाला साडी नेसवावी लागली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' काढताना दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या पुढे आल्या, तेव्हा त्यांनी आनंदाने त्यांना घेतले. इथे चिनी नटी दारात उभी होती, कामात तरबेज होती, आणि तिला परत पाठविले. शिवाय हे सोंग एकाच बाजूने चालत होते. गोऱ्या नटीने चिनी व्हावे, काळा रंग लावावा, काहीही करावे. पण चिनी किंवा काळ्या नटीला गोऱ्या घरची नायिका व्हा, असे कुणी म्हणाले नाही. देवाणघेवाण दोन्हीकडून असती, तर कुणी तक्रार केली नसती.

आता तिसरी बाई, आणि ही तर आपल्या मुंबईत जन्मलेली. मर्ल ओबेरॉन तिचे नाव. 1911 साली मुंबईत जन्मली. तिच्या रक्तात गोऱ्यांचे आणि आपल्या बाजूच्या लोकांचे असे दोन्ही अंश होते. रूप देखणे, रंग उजळ. विलायतेत आणि मग हॉलिवूडमध्ये तिचे नाव झाले आणि 1936 साली मुख्य अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिची निवड झाली. बक्षीस मिळाले नाही, पण आशियाई वंशाची बाई त्या पायरीपर्यंत पोहोचल्याचे ते पहिलेच उदाहरण. गंमत अशी, की हे त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हते. आपला जन्म ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरचा, असे ती जन्मभर सांगत राहिली. खरे कळले असते तर कामे बंद झाली असती. जिने तिला लहानाची मोठी केली ती बाई सावळी होती. घरी पाहुणे आले, की ती आपली मोलकरीण आहे असे मर्ल भासवी, असे तिच्या चरित्रकारांनी लिहिले आहे.

हे मी ऐकले त्या दिवशी माझे कामात लक्ष लागेना. एक बाई मोलकरणीचे सोंग करून बक्षीस मिळविते, आणि दुसरी बक्षिसाच्या वाटेवर राहण्यासाठी आईच्या जागी असलेल्या बाईला मोलकरीण म्हणून दाखविते. मर्लला मी नावे ठेवीत नाही. तिच्यावर ही पाळी ज्यांनी आणली, त्यांच्या लेखी गुणापेक्षा कातडी मोठी होती.

हे सगळे जुने झाले, असे कुणी म्हणेल. तर मग पुढचे हिशेब ऐका. हॅटीनंतर अभिनयाचे ऑस्कर मिळविणारी दुसरी कृष्णवर्णीय बाई म्हणजे व्हूपी गोल्डबर्ग, 1991 साली. मध्ये 51 वर्षे गेली. मुख्य अभिनेत्रीचे बक्षीस कृष्णवर्णीय बाईला पहिल्यांदा मिळाले ते 2002 साली, हॅली बेरीला. त्या दिवशी ती व्यासपीठावर ओक्साबोक्शी रडली आणि आता दार उघडले असे म्हणाली. पण पुढे 2025 च्या समारंभापर्यंत त्या दारातून दुसरी कृष्णवर्णीय बाई आत गेली नाही, आणि आपल्याला याचे वाईट वाटते असे तिनेच नंतर बोलून दाखविले. आशियाई बाईला ते बक्षीस मिळायला 2023 साल उजाडावे लागले. ती मलेशियाची मिशेल यो.

2015 साली आणखी एक गोष्ट झाली. अभिनयाची बक्षिसे चार, आणि प्रत्येकासाठी पाच जणांची निवड, म्हणजे एकूण वीस नावे. ती वीसच्या वीस गोऱ्यांची! एप्रिल रेन नावाच्या एका कृष्णवर्णीय बाईने, जी शिक्षणाने वकील, इंटरनेटवर एक ओळ लिहिली, की ऑस्कर किती हो गोरे! ती ओळ जगभर पसरली. 2016 साली पुन्हा वीसच्या वीस नावे गोऱ्यांची आली, तेव्हा काही नामवंत कलावंतांनी समारंभाला जाणार नाही असे जाहीर केले.

असे का होते? लॉस एंजलिसच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने 2012 साली शोध घेतला, तेव्हा आढळले, की मते देणाऱ्या सभासदांत सुमारे 94 टक्के गोरे आणि 77 टक्के पुरुष आहेत, आणि निम्म्यांहून अधिक साठी उलटलेले. शिवाय नवा सभासद घ्यावयाचा तर जुन्यांनी त्याची शिफारस करावयाची. जुने ज्यांना ओळखतात, त्यांचीच शिफारस होणार.

आपण पाककलेची स्पर्धा ठेवतो. समजा, परीक्षक म्हणून बसलेल्या पाचही बायका एकाच गल्लीतल्या, एकाच चवीच्या आहेत. आमटीत गूळ आणि गोडा मसाला हवाच, असे वळण. आता खानदेशची एखादी बाई खापराचे मांडे आणि शेवभाजी घेऊन आली, कोकणातली तिरफळ घातलेली आमटी घेऊन आली. परीक्षक अन्याय करावा म्हणून करणार नाहीत. त्या मनापासून चाखतील, आणि मनापासून म्हणतील, "चांगले आहे हो, पण आपल्यासारखे नाही." बक्षीस गुळाच्या आमटीला जाईल. कुणाचे मन काळे नाही, तरी दरवर्षी बक्षीस एकाच गल्लीत राहील.

यावर काही जणांचे म्हणणे असे, की बक्षीस गुणाला द्यावे, रंग मोजून देऊ नये. रंग पाहून दिले, तर ज्याला मिळेल त्याचाच तो अपमान. हे म्हणणे टाकून देण्यासारखे नाही. आपल्या मुलीला कीव म्हणून पहिला नंबर दिला, तर आपल्याला आवडेल का? पण गुण दिसण्यासाठी आधी काम हाती यावे लागते. व्हायोला डेव्हिस या कृष्णवर्णीय नटीला 2015 साली दूरदर्शन मालिकेतल्या कामासाठी एमी नावाचे बक्षीस मिळाले, तेव्हा तिने हेच सांगितले, की आमच्यात आणि इतरांत फरक असेल तर तो फक्त संधीचा. जी भूमिका कुणी लिहिलीच नाही, तिच्याबद्दल बक्षीस कसे मिळणार? अ‍ॅना मे वाँगची गोष्ट आठवा. तिचा गुण कमी पडला, की तो दाखवायची जागाच दुसरीला दिली?

म्हणून मला वाटते, की बक्षिसाच्या दिवशी भांडून थोडाच उपयोग आहे. बक्षीस ही शेवटची पायरी. कथा कोण लिहितो, पैसा कोण घालतो, कुणाला बोलावतो, या आधीच्या पायऱ्या. अकादमीलाही हे थोडेबहुत पटले असावे. तेव्हा तिच्या अध्यक्षा शेरिल बून आयझॅक्स या स्वतः कृष्णवर्णीय होत्या. 2016 साली ठराव झाला, की 2020 पर्यंत स्त्रियांची आणि इतर वंशांच्या सभासदांची संख्या दुप्पट करावयाची. पुढे स्त्रिया सुमारे एक तृतीयांश आणि इतर वंशांचे सुमारे एक पंचमांश झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या बक्षिसासाठीही 2024 पासून अट आली, की पडद्यावर, पडद्यामागे, शिकाऊ उमेदवारांत किंवा जाहिरात-विक्रीच्या खात्यात, अशा चारांपैकी दोन ठिकाणी तरी मागे राहिलेल्या लोकांना घेतलेले असावे. काहींना ही सक्ती वाटते. कलेत असले नियम नकोत, असे ते म्हणतात. अटी कागदावर पुऱ्या करणे सोपे, हे आपणही जाणतो. तरी नियम नव्हता तेव्हा काय होत होते, ते 51 वर्षांच्या हिशेबात दिसतेच आहे.

आपल्या माणसांचीही या गोष्टीत थोडी जागा आहे. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल 1983 साली ऑस्कर मिळाले ते आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना, जॉन मोलो यांच्याबरोबर. भारतीयाला मिळालेले ते पहिले ऑस्कर, आणि ते एका मराठी बाईने आणले. पुढे 2012 साली ते नीट जपले जावे म्हणून त्यांनी अकादमीकडे परत सोपविले. त्याच चित्रपटात कस्तुरबा झालेल्या आपल्या रोहिणी हट्टंगडी यांना विलायतेचे बाफ्टा पारितोषिक मिळाले. आणि गांधीजी झालेले बेन किंग्जली? त्यांचे जन्मनाव कृष्णा भानजी. इंग्रजी नाव घेतल्यावर कामे मिळू लागली, असे त्यांनीच सांगितले आहे. राष्ट्रपित्याची भूमिका करून ऑस्कर मिळविणाऱ्याला आपले कृष्णा हे नाव आधी बाजूला ठेवावे लागले होते!

2010 साली मोनिक नावाच्या कृष्णवर्णीय नटीला सहाय्यक अभिनेत्रीचे बक्षीस मिळाले. हॅटीने 1940 साली केसांत गार्डेनियाची पांढरी फुले माळली होती. मोनिकने मुद्दाम तशीच फुले माळली, आणि जे सोसले ते आम्हाला सोसावे लागू नये म्हणून सोसलेस, अशा अर्थाचे बोलून हॅटीचे आभार मानले. सत्तर वर्षांनी का होईना, वेगळ्या टेबलावर बसलेल्या बाईचे नाव मुख्य व्यासपीठावरून घेतले गेले.

भगिनींनो, अमेरिकेचे काय करावयाचे ते अमेरिकेतले लोक पाहतील. आपल्या हातात आपले मंडळ आहे. म्हणून मी दोन सूचना मांडते. पहिली, आपल्या पाककृती, रांगोळी आणि गाण्याच्या स्पर्धांना परीक्षक दरवर्षी निरनिराळ्या वस्त्यांतल्या आणि निरनिराळ्या वळणाच्या असाव्यात. दुसरी, आपल्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांत ओव्या, भारुडे, भोंडल्याची गाणी म्हणणाऱ्या फार चांगल्या आहेत. पुढच्या वर्षी स्पर्धेचे पत्रक त्यांच्या घरीही जावे, आणि त्या आल्या की त्यांनी चहा करण्यासाठी आत न जाता इथे, या सतरंजीवर आपल्या शेजारी बसावे. चहा आपण पाळीपाळीने करू. गाण्याला बक्षीस मिळो न मिळो, ते ज्याच्या त्याच्या गळ्यावर राहील.

या सूचना अध्यक्षबाईंनी कार्यकारिणीपुढे ठेवाव्यात, अशी विनंती आहे.